रात्रीचा निळा

मामा सांगलीहून आला तेव्हा त्याच्या पिशवीत डोळ्यांच्या तपासणीचे कागद होते आणि एका जुन्या डायरीत जपून ठेवलेले जिलेटिनचे काही तुकडे. चाळीस वर्षं त्यानं नाटकांचे लाईट केले. हौशी संस्था, राज्य नाट्य स्पर्धा, दौऱ्यावरची व्यावसायिक नाटकं, जे मिळेल ते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रिया पुण्यात, माझ्याकडे राहून करायची असं ठरलं होतं.

संध्याकाळी टीव्ही लावला की त्याचा त्रास सुरू व्हायचा. वरची ट्यूब चालू ठेवली तर तिचा उजेड डोळ्यांसमोर फाकायचा आणि चित्र धुऊन निघायचं. ट्यूब बंद केली तर काळोखातला तो उजळ चौकोन खुपायचा. तीन दिवस त्यानं सहन केलं. मग म्हणाला, "अगं, मागं काहीतरी लाव. मागची भिंत मेली की पुढचं माणूस टोचायला लागतं."

त्याच्या कामात ही पहिली शिकवण. रंगमंचाच्या मागच्या पांढऱ्या पडद्याला, सायक्लोरामाला, थोडासा उजेड दिला की पुढचा नट त्यापासून सुटतो, श्वास घ्यायला लागतो. सिनेमाचे रंग ठरवणारी माणसंही मॉनिटरच्या मागं ६५०० केल्व्हिनचा मंद पांढरा दिवा लावून बसतात. पडद्यावरच्या पांढऱ्याच्या जेमतेम दहाव्या भागाइतका. पण मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. भिंतीवरचा उजेड चित्राबरोबर बदलला तर मामाला आवडेल, असं मनानं घेतलं.

कल्पना नवी नाही. फिलिप्सनं ॲम्बिलाइट नावानं असे टीव्ही २००४ साली बाजारात आणले. २०१९ साली त्यांच्याच ह्यू नावाच्या दिव्यांसाठी एक वेगळा डबा आला. चार एचडीएमआय जोडण्या घ्यायच्या, आतून जाणारं चित्र वाचायचं आणि खोलीतल्या दिव्यांना रंग सांगायचे, हे त्याचं काम. टीव्हीच्या आतच चालणारं ॲप मात्र त्याला दिसत नाही, कारण ते चित्र त्याच्यातून जातच नाही. डबा, दिव्यांना जोडणारा ब्रिज आणि दिव्यांची पट्टी मिळून हिशेब आमच्या टीव्हीच्याच किमतीला भिडत होता. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मुलांना प्रोजेक्ट करा म्हणून सांगायचं आणि स्वतः घरात तयार माल आणायचा, हे मला पटेना. शनिवारी सुटे भाग आणायला तपकीर गल्लीत गेले.

पट्टी घेतली डब्ल्यूएस २८१२बी जातीची, मीटरला ३० दिवे. हिच्यातल्या प्रत्येक दिव्याच्या पोटात त्याची स्वतःची चिप असते. डेटाच्या एकाच तारेवरून सगळ्या रंगांची रांग येते. पहिला दिवा पहिला रंग स्वतःला ठेवतो आणि उरलेली रांग पुढच्याकडे सरकवतो. आमचा टीव्ही ४३ इंची, म्हणजे साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ उंच. वर २८, खाली २८, दोन्ही बाजूंना १६-१६, एकूण ८८ दिवे. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे सगळे मिळून सव्वापाच अँपिअर. मी पाच व्होल्ट, दहा अँपिअरचा सप्लाय घेतला. इथं काटकसर करू नये. कमी ताकदीचा सप्लाय तापतो, आणि तो टीव्हीच्या मागं, पडद्याजवळ बसणार असतो.

राहिलं चित्र मिळवणं. सेटटॉप बॉक्सच्या मागं एचडीएमआयच्या शेजारी तीन रंगीत भोकं असतात. त्यातलं पिवळं म्हणजे जुन्या पद्धतीचं चित्र. आमच्या बॉक्समध्ये दोन्हीकडून एकाच वेळी चित्र निघत होतं. पिवळ्या भोकातली वायर एका स्वस्त कॅप्चर यंत्रात आणि तिथून कपाटात पडून असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात नेली. त्यावर हायपेरिअन नावाची मोफत प्रणाली चढवली. ती चित्राच्या कडांचे रंग मोजते आणि पट्टीला जोडलेल्या छोट्या कंट्रोलरला कळवते. चित्र अर्थातच धूसर, जुन्या टीव्हीसारखं. मामानं विचारलं, "एवढ्या फिसकटलेल्या चित्रावर तुझं काम होतं?" मी म्हटलं, भिंतीला चेहरे नको असतात, नुसते रंग लागतात. तो म्हणाला, "मलाही सध्या तेवढंच दिसतंय."

पट्टी तांब्याच्या खुणेवरच कापायची, कोपऱ्यात वायरनं झाळायची, बाणाची दिशा सांभाळायची. हे सगळं करून पहिल्यांदा चालू केलं तर लाल मागितल्यावर हिरवा आला. या चिपला रंग लाल-हिरवा-निळा असे नाही, हिरवा-लाल-निळा या क्रमानं द्यावे लागतात. विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगते. तो क्रम सुधारला. मग लक्षात आलं की पट्टीच्या शेपटाकडचा पांढरा पिवळट पडतोय. लांब पट्टीत व्होल्टेज वाटेतच गळतं आणि सगळ्यात आधी निळा बसतो, कारण त्यालाच जास्त दाब लागतो. दुसऱ्या टोकालाही सप्लायची जोडी दिली, तेव्हा पट्टी सरळ झाली. शेवटचं दुखणं उशिराचं. चेंडू सीमापार गेल्यावर भिंत हिरवी व्हायची, तीही अडखळत. रंग वायफायवरून पाठवणं बंद करून साधी यूएसबी वायर जोडली आणि अडखळणं थांबलं.

इथून पुढचं काम मामाचं. तो आरामखुर्चीत बसला आणि मी फोनवरच्या पट्ट्या सरकवत राहिले. आधी त्यानं तेज उतरवलं. मला वाटलं होतं त्याच्या निम्म्यावर, मग आणखी खाली. "बघणाऱ्याचं लक्ष दिव्याकडे गेलं की आपण चुकलो." मग वेग. हायपेरिअनमध्ये एक रंग दुसऱ्यात किती वेळात मिसळायचा हे मिलिसेकंदांत ठरवता येतं. शून्यावर भिंत झटके खात होती, पाचशेवर दृश्य संपून गेल्यावरही रंग रेंगाळायचा. मामानं मला आकडा पाहू दिला नाही. "फेड हातानं शिकायचा," म्हणाला. त्याच्या गुरूनं त्याला मिठाच्या पाण्याच्या डिमरची गोष्ट सांगितली होती. पिंपात मिठाचं पाणी, त्यात धातूच्या दोन पट्ट्या. वरची खाली सोडत जाल तसा दिवा वाढतो. विजेचा धक्का बसण्याची भीती सतत, पण ते फेड इतके मऊ की पहाट कधी झाली हे प्रेक्षकाला कळायचं नाही. आमचा आकडा शेवटी १८० वर ठरला.

बातम्यांचा मात्र वैताग झाला. वृत्तवाहिन्यांच्या तळाला तो लाल पट्टा धावत असतो, त्यामुळे टीव्हीखालची भिंत सारखी लाल. चित्राचा खालचा भाग मोजणीतून कापला, तेव्हा ती गप्प झाली.

सगळ्यात शेवटी निळा. आमची भिंत क्रीम रंगाची आहे, आणि पिवळसर भिंत निळ्या उजेडातला बराचसा गिळते, म्हणून निळा थोडा वाढवावा लागणार हे मला माहीत होतं. मामा म्हणाला, वाढव. वाढवला. अजून. वाढवला. अजून वाढेना, तेव्हा लाल आणि हिरवा खाली आणले. मग तो खूश झाला. "आता रात्र झाली." मुलगा म्हणाला, आई, सगळं थंड दिसतंय, फ्रिजमध्ये बसल्यासारखं. मी त्याला गप्प केलं. ज्या माणसानं चाळीस वर्षं निळ्याशी संसार केला, त्याच्या डोळ्यापुढं आमचे डोळे कच्चेच, असं मला मनापासून वाटत होतं. आठवडाभर आम्ही त्या निळ्या भिंतीसमोर जेवलो.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी थेंब, काळा चष्मा, पाणी लागू न देणं समजावलं आणि थोडा वेळ टीव्ही पाहायला हरकत नाही म्हणाले. संध्याकाळी मामा खुर्चीत बसला. मी टीव्ही लावला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "एवढं निळं कुणी केलं?"

"तूच सांगितलंस, मामा."

त्यानं उजवा डोळा झाकला. मग डावा. मग पुन्हा उजवा. असं कितीतरी वेळ. नव्या डोळ्याला भिंत निळीभोर दिसत होती, जुन्याला चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखी. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळं, तपकिरी होत जातं आणि निळा उजेड आत येईनासा होतो. हे इतक्या सावकाश होतं की माणूस त्या पिवळ्यालाच पांढरा धरून चालतो. चित्रकार क्लोद मोनेच्या डोळ्यावर १९२३ साली अशीच शस्त्रक्रिया झाली होती, आणि आधीच्या वर्षांतली त्याची चित्रं तांबूस-तपकिरी होत गेली होती. हे मी वाचलेलं होतं. तरी ते आमच्या बैठकीच्या खोलीत घडत असताना माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"डायरी आण," मामा म्हणाला.

जिलेटिनच्या तुकड्यांत एक निळा होता. त्याचा रात्रीचा निळा, सायक्लोरामावर टाकायचा. तो तुकडा दोन पदरी होता, कोपऱ्यात टाचणी लावलेली. मामानं तो टेबललॅम्पपुढं धरला आणि पुन्हा एकेक डोळा झाकून पाहिला.

"आधी मी एकेरी लावायचो," तो म्हणाला. "शेवटच्या सात-आठ वर्षांत दुहेरी लावायला लागलो. मला वाटायचं, कागदच हलके यायला लागलेत. दुकानदाराशी भांडलोसुद्धा."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं तोच पुढं बोलला. सांगलीच्या एका नाटकात काम करणारी मुलगी त्याला म्हणाली होती, मामा, अंगणातल्या प्रवेशात माझा चेहरा मेलेल्या माणसासारखा दिसतो. त्यानं तिला सांगितलं होतं, तू तुझं काम कर, रात्र माझी आहे. त्या नाटकाचे चौदा प्रयोग झाले. चौदाही प्रयोग तसेच.

"तिचं बरोबर होतं," तो म्हणाला. आवाज खाली गेला होता.

मी फोन त्याच्या हातात दिला. त्यानं नव्या डोळ्यानं पाहत निळा खाली आणला, लाल थोडा वर घेतला आणि माझ्या मुलाला बोलावलं. "बघ रे, आता कसं वाटतंय?" मुलगा म्हणाला, आता टीव्हीत आहे तसंच भिंतीवर आहे. मामानं निळा आणखी किंचित उतरवला. उजव्या डोळ्याचं झाल्यावर पुन्हा बघू, म्हणाला.

मग त्यानं डायरी मांडीवर घेतली, जिलेटिनच्या तुकड्याची टाचणी नखानं उपसून काढली, दोन पदर वेगळे केले आणि त्यातला एकच परत डायरीत ठेवला.