परतीची वाट

आकाशात जाण्याचे वेड माणसाला केव्हा लागले कोण जाणे. पण आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आकाशच आधी खाली आले, एवढे मात्र खरे! लोणारचे सरोवर म्हणजे वरून आलेल्या एका धोंड्याने काळ्या पाषाणात पाडलेले विवर. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद. विष्णूने लवणासुराला मारले ते इथेच, असे पुराण सांगते. १९७३ साली शास्त्रज्ञांनी ही उल्केची करणी म्हणून दाखवून दिले आणि चंद्रावरच्या विवरांशी तिचे नाते जोडले.

मेहकरची माझी भाची हे विवर पाहतच वाढली. सध्या ती मुंबईस विमानांची आणि अवकाशयानांची विद्या शिकते आहे, आणि एक दिवस स्वतः अंतराळात जाईन म्हणते. घरात कोणी 'नाही' म्हटले नाही. कापसाच्या पैशांतून फी भरली गेली. आमच्या ताईने एवढेच विचारले, "जाशीन तं जाय वं बाई, पन वापस कशी येशीन?"

सगळे हसले. भाची तेवढी हसली नाही.

ताईचा प्रश्न भाबडा खचितच नव्हे. पृथ्वीभोवती फिरणारे यान तासाला सुमारे २८,००० किलोमीटर धावते. परतताना इंजिन उलट दिशेने थोडे चालवून यान खाली वळवता येते. बाकीचा वेग हवेनेच मारायचा. यानापुढची हवा दाबली जाऊन भयंकर तापते, म्हणून यानाच्या तळाशी उष्णता अडवणारी ढाल बसवतात. लोणारच्या धोंड्याचा वेग आवरणारे कोणी नव्हते. त्याचे काय झाले, ते आपण काठावर उभे राहून पाहतोच.

ही ढाल दगा देते तेव्हा काय होते, तेही जगाने पाहिले आहे. कर्नालची कल्पना चावला चंदीगडला विमानविद्याच शिकली होती. उड्डाणाच्या वेळी फेसाचा एक तुकडा 'कोलंबिया'च्या डाव्या पंखावर आदळला, आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर त्या भोकातून तप्त वायू आत शिरला. उतरायला अवघी सोळा मिनिटे उरली होती. सातही जण गेले. ताईला ती सकाळची वर्तमानपत्रे अजून आठवतात.

१५ जुलै २०२५ रोजी शुभांशु शुक्ला पॅसिफिक महासागरात सुखरूप उतरले. त्या दिवशी ताई टीव्हीपुढून हलली नाही. छत्र्या उघडल्या तसे तिने हात जोडले.

भाचीने यंदा कॉलेजातल्या अभ्यासासाठी विषय घेतला आहे तो या ढालीचाच. "आई, तुझ्याच प्रश्नाचं उत्तर शोधते आहे," ती ताईला म्हणाली.

चिवड्याचा डबा तिच्या पिशवीत कोंबीत ताई म्हणाली, "मंग लवकर शोध माय."