मामाला ‘बाबा’ म्हणायचा तेव्हा

“बाबा आला, बाबा आला!” ओरडत आमचा धाकटा दाराकडे पळाला. दारात उभा होता माझा भाऊ, म्हणजे त्याचा मामा. घरभर हशा पिकला. साडेचार वर्षांचं पोर, नाक कायम चोंदलेलं, ‘म’चा ‘ब’ होतोय, ‘नको’चं ‘दको’ होतंय, त्यात काय एवढं! मीही पोट धरून हसले होते.

रात्री तो घोरायचा. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, सकाळी उशीचा अभ्रा लाळेनं कडक झालेला. सासूबाई म्हणायच्या, “आजोबांवर गेलाय. खेळून दमतो, गाढ झोपतो.” ओव्याची पुरचुंडी झाली, हळद-दूध झालं. सर्दी आठवडाभर जायची आणि पुन्हा यायची.

बालवाडीतल्या बाईंची तक्रार वेगळी होती. “हाक मारली तरी बघत नाही. घरी टीव्ही फार लावता का?” मी टीव्ही बंद केला. तरी तो मागून मारलेल्या हाकेला ओ देईना. चार हाका मारून थकले, की माझा पारा चढायचा. एकदा तर पाठीत धपाटाही घातला. तो रडला नाही. वळून नुसता बघत राहिला, आपलं काय चुकलं ते न कळल्यासारखा.

भाऊ एकदा मुक्कामाला राहिला, त्या रात्री त्यानंच मला उठवलं. “ताई, हा मधेच श्वास घेत नाहीये बघ.” छाती आत ओढली जात होती, पण आवाज बंद. मग एकदम धाप लागल्यासारखा मोठा श्वास, कूस बदलणं, पुन्हा घोरणं. भावानं मोबाईलवर व्हिडिओ काढला. त्याच आठवड्यात तासगावहून मिरजेला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी तो व्हिडिओच दोनदा पाहिला. मग मानेचा बाजूनं एक्स-रे आणि कानाच्या पडद्याची तपासणी. कागद पुढे सरकवत म्हणाले, “या आलेखात डोंगर दिसायला हवा. याचा सपाट माळ आहे. पडद्यामागे चिकट पाणी साठलंय. याला सगळं कानात बोटं घातल्यासारखं ऐकू येतं.” मला तो धपाटा आठवला. पुढचे काही क्षण मला नीट ऐकू आलं नाही.

दुखण्याचं मूळ होतं ॲडेनॉइड्समध्ये. टॉन्सिलसारखीच ही गाठ नाकाच्या मागच्या टोकाला, टाळूच्या वर असते, त्यामुळे तोंड उघडून बघितलं तरी दिसत नाही. लहान मुलांमध्ये ती मोठी असते आणि वय वाढेल तशी आक्रसते. पण फार वाढली तर नाकाची वाट अडते आणि कानाकडे जाणारी नळीही दबते. १८६८ साली कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर या डॉक्टरांनी या वाढीचा आणि बहिरेपणाचा संबंध दाखवून दिला होता, हे मी नंतर वाचलं. आमच्या घरात मात्र ते कुणाच्या गावीही नव्हतं.

“मग आपोआप आक्रसेपर्यंत थांबलं तर?” मी विचारलं.

“नुसती सर्दी असती तर थांबलो असतो. श्वास अडकतोय आणि ऐकू येत नाहीये, मग किती थांबायचं?”

तरी आधी तीन महिने नाकातला स्टिरॉइडचा स्प्रे दिला. तो मारायचीही रीत असते: मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि बाटलीचं टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला. बऱ्याच मुलांचं एवढ्यावर भागतं. आमचं घोरणं थोडं उतरलं, पण कानाचा माळ माळच राहिला.

शेवटी ऑपरेशन ठरलं. सासूबाईंना धास्ती, “गाठ काढली तर पोराची प्रतिकारशक्ती जाईल.” डॉक्टरांनी समजावलं, की शरीरात तेच काम करणाऱ्या गाठी इतरही पुष्कळ आहेत. आदल्या रात्रीनंतर पोटात अन्न नाही, सकाळी पूर्ण भूल. गाठ तोंडावाटेच काढली, बाहेर कुठे टाका नाही. कानांच्या पडद्यांत ग्रोमेट बसवले, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान नळ्या. पडदा भरत आला, की त्या आपोआप गळून पडतात. पुढचे काही दिवस मऊ भात, आईस्क्रीम आणि तोंडाला वास, एवढंच सोसावं लागलं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात उभा राहून त्यानं विचारलं, “आई, हे काय वाजतंय?” फ्रिज वाजत होता. तो फ्रिज त्याच्या जन्माआधीपासून आमच्याकडे आहे.

महिन्याभरानं भावाचा फोन आला आणि पलीकडच्या माणसाला आमच्या धाकट्यानं पहिल्यांदा स्वच्छ ‘मामा’ म्हटलं.

प्रत्येक घोरणाऱ्या मुलाचं ऑपरेशन करावं लागत नाही. पण सर्दी नसतानाही मूल रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, तर रात्रीचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. आणि हाकेला ओ देत नाही म्हणून हात उगारण्याआधी एकदा त्याचे कान तपासून घ्या.