कुणाच्या खात्यावर

मृगाचा किडा. लाल, मखमली, करंगळीच्या नखाहून लहान. पहिला पाऊस पडला की ओल्या मातीतून वर यायचा. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन निपचित पडायचा आणि आपण नजर काढली की चालू लागायचा. आम्ही तो काडेपेटीत ठेवायचो, सोबतीला गवताचं पातं. खरं तर तो किडा नव्हेच. पाय आठ, म्हणजे कोळ्याच्या भावकीतला. तो निघायचा त्या मैदानावर आता पेव्हिंग ब्लॉक आहेत. हा खर्च तापमानवाढीच्या नावावर टाकता येत नाही.

हयात बँकेत गेली, त्यामुळे कुठली रक्कम कुठल्या खात्याला, ही खोड सुटत नाही. निवृत्त झाल्यावर पेपरातलं हवामान वाचायला लागलो, मग सिमला ऑफिसचे आकडे. (हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, १९४४ मध्ये दिल्लीला गेलं. शिवाजीनगरच्या चौकाला नाव चिकटलं ते चिकटलंच.) पुढे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी रात्रीचं किमान तापमान लिहू लागलो. घरच्यांचं म्हणणं, आता दूधही कळेनासं झालंय.

गिधाडं. लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात हजर. गेली ती डायक्लोफेनॅकमुळे. गुरांना दुखण्यावर द्यायचं औषध. ते अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर बहुतेक आकाश रिकामं झालं होतं. कट्ट्यावर मात्र गिधाडंसुद्धा ‘ग्लोबल वॉर्मिंग’. रक्कम कुणाची ते कळेना की आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकायचो, तसं झालंय त्या शब्दाचं.

बंब. तांब्याचा, चिंचेने घासलेला. गेला ते बरं झालं. ज्यांनी रोज पहाटे धुरात फुंकर मारली त्या बायकांना विचारा.

वाळ्याचे पडदे. दुपारी दोनला पाणी मारायचं, वास घरभर. ते कूलरने नेले, कूलर एसीने नेला आणि एसी आतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीखाली सोडतो.

अशी वर्गवारी करत गेलं की एक गोष्ट दिसते. तापमानवाढीच्या खात्यावर वस्तू फारशा निघत नाहीत. वस्तू नेतात सिमेंट, औषधं, बोअरवेल आणि आपली सोय. तापमानवाढ नेते ती तारीख. वस्तू जागच्या जागी राहते, तिची वेळ जाते.

उदाहरणार्थ, मृग. पाऊस आहे, सात जून नाही. २०२३ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत पोचला २५ जूनला. २०२५ मध्ये २६ मेला, रोहिण्या नुकत्या लागल्या होत्या. लहरीपणा त्याचा जुनाच, दोन वर्षांवरून काही सिद्ध होत नाही. पण परतीची तारीख हवामान खात्यानेच बदलली आहे. मुंबईतून पाऊस निघण्याचा सरासरी दिवस २९ सप्टेंबर धरत. २०२० पासून ८ ऑक्टोबर धरतात. पंचांगात नक्षत्रांची वाहनं अजून छापतात, घोडा, म्हैस, बेडूक. शेतकरी वाचतो आणि मोबाइलवरचं रडार बघतो.

आंब्याचा मोहोर. त्याला थंडी लागते, आणि ती वेळेवर लागते. डिसेंबरात पाऊस येतो, मोहोर काळा पडतो, पुन्हा फुटतो, फवारण्या वाढतात. पहिली पेटी बाजारात कधीही येऊ शकते, हार घालून फोटोही निघतो. अक्षय्य तृतीयेपर्यंत पितरांसाठी थांबणारे तेवढे थांबतात.

रात्रीचा गारवा. ‘पूर्वी पुण्यात एवढं ऊन नव्हतं’ हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही. ३० एप्रिल १८९७ रोजी पुण्यात ४३.३ अंश नोंदलेले आहेत. ऊन होतंच. गेली आहे ती रात्र. दिवसभर भिंती आणि डांबर जे पितात ते रात्री परत करतात आणि हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड ते वर जाऊ देत नाही. हवाईमधल्या मौना लोआवर १९५८ मध्ये तो मोजायला लागले तेव्हा दशलक्षात ३१५ भाग होता, आता ४२० च्या पुढे. खातं जॉइंट आहे, बिल्डर आणि वातावरण. कुणाचा वाटा किती हे माझ्या कॅलेंडरवरून निघत नाही.

आंबील ओढा. हा गेला असं आम्ही समजत होतो. पेशवाईत त्याला एकदा वळवलं, नंतर दोन्ही बाजूंनी आवळत आणलं. कडेला घरं, पार्किंग, वर स्लॅब. नव्याने राहायला आलेल्यांना तो नाला वाटायचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला पाऊस कोसळला आणि ओढा आपल्या जुन्या रुंदीने आला. सोसायट्यांच्या सीमाभिंती आडव्या झाल्या. सकाळी अरण्येश्वरला एका मोटारीवर दुसरी मोटार चढलेली, त्यांच्यामध्ये गॅसचा सिलेंडर, आणि पहिल्या मजल्याच्या ग्रिलला गाळाची सरळ रेघ, पट्टीने ओढावी तशी. शहर-जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दोनच वर्षांपूर्वी मांडलं होतं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकट्या त्या रात्रीचा पाऊस तापमानवाढीचाच, असं छातीठोक म्हणता येणार नाही. ओढ्याची रुंदी मात्र कुठल्या हवामानाने खाल्लेली नाही. त्याला मंजुऱ्या लागतात.

श्रीवर्धनची रोठा सुपारी. इथे माझा नियम मोडतो; इथे वस्तूच गेली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पोफळी मधूनच मोडल्या. नवं रोप फळावर यायला सहा-सात वर्षं. अरबी समुद्र तापतोय, त्यावरची वादळं वाढली आहेत; एकट्या या वादळाचं छातीठोक सांगता येत नाही, पण कल तापमानवाढीच्या नावे.

गच्चीवरची झोप. मे महिन्यात गाद्या वर, उशाशी माठ, डास आले की चादर डोक्यावरून. आधी किल्ली सेक्रेटरीकडे गेली. गेल्या वर्षी तिथे सौर पॅनल बसले, लिफ्टचं आणि जिन्यातलं बिल निम्म्याहून खाली आलं. सभेत पॅनलच्या बाजूने पहिला हात माझा होता. आता गच्चीवर अंथरूण टाकायला जागा फक्त पाण्याच्या टाकीशेजारी आहे, आणि तिथे पंपाचा आवाज येतो.