अब्बांची झोप

आम्हा भावंडांचे बालपण हळू आवाजात बोलण्यात गेले. सोलापुरातल्या आमच्या मोहल्ल्यात पत्र्याचे छोटेसे घर, घरात सात माणसे आणि अब्बांची रातपाळी. चादरींच्या यंत्रमागावर पाळी बारा तासांची. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. सकाळी भुवयांवर सुताची भुकटी घेऊन अब्बा येत, चहा पिऊन आडवे होत. अम्मा तोंडावर बोट ठेवी, "अब्बा सोए हैं, हल्ला नक्को करो." पण सोलापूरच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली झोप ती किती लागणार? दुपारी ते घामाने भिजून उठून बसत. संध्याकाळी पुन्हा शेड.

आपाचा निकाह ठरला तेव्हा अब्बांनी डबल पाळ्या धरल्या. मजुरी उत्पादनावर. जितक्या चादरी, तितके पैसे. आम्हालाही त्यात वावगे वाटले नाही. घरी आले की आमचा पहिला प्रश्न असे, "अब्बा, कितने हुए?"

अशाच एका डबल पाळीत, पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास, तुटलेला धागा जोडताना माग थांबवायचा राहून गेला. उजव्या हाताची दोन बोटे गेली. शेडमधून निरोप आला, "चाचांचा डोळा लागला होता, चूक त्यांचीच." दवाखान्याचा खर्च मिळाला आणि एका कागदावर सही घेतली गेली. अब्बा स्वतःही शेवटपर्यंत म्हणत राहिले, "गलती मेरीच थी." आणि आम्हीही तेच मानले.

आज आम्हाला त्याची लाज वाटते. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवले, की सतरा तास सलग जागलेल्या माणसाचे हातडोळे मद्य घेतलेल्या माणसासारखे मंदावतात. त्यातही पहाटेच्या त्या तासांत शरीराचे अंगभूत घड्याळच माणसाला झोपेकडे ओढत असते. ज्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, ते अब्बा त्या पहाटे नशेतल्या माणसासारख्या अवस्थेत मागासमोर उभे होते. ही नशा त्यांना कामाच्या तासांनी दिली होती. आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात नशेत असलेल्या, किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणाऱ्या कामगाराची भरपाई नाकारण्याची सोय होती. थकून डोळा लागलेल्याची भरपाई नाकारण्याची सोय त्यात नव्हती. हे त्या सहीच्या आधी आम्हाला सांगणारे कोणी नव्हते.

आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, जुन्या मिलमध्ये होते. भोंगा वाजला की पाळी संपे. तो भोंगा सहज मिळालेला नव्हता. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतला पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२ मध्ये तो अकरा तासांचा झाला, १९३४ मध्ये दहा आणि १९४६ मध्ये नऊ तासांचा. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. १९४८ च्या कायद्याने हीच मर्यादा कायम ठेवली. पुढे जुनी मिल बंद पडली. अब्बांच्या वाट्याला आली ती लहान शेड. अशा शेडमध्ये माणसे कमी आणि कागदोपत्री त्याहून कमी, म्हणून कायदा दाराबाहेरच राहिला. बापापेक्षा मुलाने रोज तीन तास जास्त काम केले. याला प्रगती कशी म्हणायची?

दरवर्षी १२ जानेवारीला आपण चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतो. १९३१ साली येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासोबत फाशी गेलेले कुर्बान हुसेन आपले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण ते कामगारांत वावरलेले होते, ही गोष्ट हार घालताना आपल्या मनात येते का?

मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही हदीस आपल्या प्रत्येक जलशात ऐकू येते. हाताखालच्या माणसावर त्याच्या ताकदीबाहेरचा बोजा टाकू नका, टाकलात तर स्वतः हात लावा, हीदेखील हदीसच आहे. ती फारशी ऐकू येत नाही. शेडमालकांत आपलेही लोक आहेत, हे त्याचे कारण नसावे अशी आम्ही आशा करतो. पहिली हदीस पैशाविषयी बोलते, दुसरी शरीराविषयी. आपण पहिलीवरच थांबलो.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसच राहतील आणि ओव्हरटाईमला कामगाराची लेखी संमती लागेल, असेही सांगितले गेले. संमती तर अब्बांचीही होती. लेकीचा निकाह तोंडावर असताना कोणता बाप नाही म्हणेल?

आपाचा मुलगा आता पुण्याजवळच्या एका कारखान्यात आहे. फोनवर तो ओव्हरटाईमचे आकडे उत्साहाने सांगतो. खोलीचे भाडे आहे, घरी पैसे पाठवायचे आहेत. आम्ही त्याला काम सोड म्हणू शकत नाही. पण "कितने हुए?" हा प्रश्न आम्ही सोडून दिला आहे. आम्ही विचारतो, "बेटा, नींद हुई क्या?"

अब्बांना हे आम्ही एकदाही विचारले नव्हते.