प्रवाह हा नदीकाठचा शब्द

मराठीच्या अभ्यासक्रमात 'प्रवाह' या शब्दाइतका राबवून घेतलेला दुसरा शब्द नसावा. दलित साहित्यप्रवाह, ग्रामीण साहित्यप्रवाह, स्त्रीवादी प्रवाह, साठोत्तरी प्रवाह, आणि या सर्वांच्या पलीकडे कुठेतरी वाहणारा, पण कुणी न पाहिलेला 'मुख्य प्रवाह'. आम्ही दोघे, एक जळगावला आणि एक धुळ्याला, गेली कित्येक वर्षे हा शब्द फळ्यावर लिहीत आलो आहोत. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जसाच्या तसा परत करतात. तो मुळात पाण्याविषयीचा शब्द आहे, हे देणाऱ्याच्याही लक्षात राहत नाही आणि घेणाऱ्याच्याही.

खानदेशातल्या माणसाला प्रवाह म्हटले की तापीच दिसणार. मुलताईजवळ उगम, तेथून पश्चिमेकडे 724 किलोमीटरची वाटचाल; वाटेत पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा येऊन मिळतात आणि सुरतेच्या खाली खंबायतच्या आखातात सारे पाणी समुद्राला मिळते. हतनूरला अडवा, उकाईला अडवा, पाणी थांबेल पण दिशा बदलणार नाही. आमचे वाङ्मयेतिहास याच चित्रावर रचलेले आहेत. कुणीतरी उगम असतो, त्याला उपनद्या मिळतात, पात्र रुंदावते. लेखक एकदा प्रवाहात पडला की तो खालीच जायचा. ही प्रतिमा किती नदीकाठची आहे, हे आम्हाला जाणवले ते समुद्रकिनारी.

एका ऑगस्टमध्ये चर्चासत्राच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना घेऊन मुंबईला गेलो होतो. मुले हट्टाने जुहूला घेऊन गेली. ओल्या वाळूवर ठिकठिकाणी निळ्या काचेचे फुगे असावेत तसे काहीतरी पडले होते, आणि प्रत्येकाच्या खाली गडद निळ्या दोऱ्याचा गुंता. भेळवाल्याने लांबूनच ओरडून मुलांना हात लावू दिला नाही. हे 'ब्लू बॉटल', म्हणजे शास्त्रीय भाषेत फिजेलिया. 2018 च्या ऑगस्टमध्ये यांच्याच डंखांमुळे मुंबईच्या चौपाट्या बातम्यांत आल्या होत्या. लोक याला जेलीफिश म्हणतात, पण हा एक प्राणीच नव्हे. तो सायफोनोफोर, म्हणजे अनेक जीवांची एकत्र वसाहत : कुणी फुगा होऊन तरंगायचे, कुणी शिकार करायची, कुणी पचवायचे, कुणी प्रजोत्पादन सांभाळायचे. एकाच अंड्यातून निघालेले हे सारे एकमेकांपासून सुटून जगू शकत नाहीत. संयुक्त कुटुंबाची यापेक्षा कठोर आवृत्ती आम्ही पाहिलेली नाही.

परत आल्यावर वाचायला घेतले. ज्याला हा वर्ग मिळतो तो 'प्लॅंक्टन' हा शब्द 1887 साली जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी रूढ केला. मूळ ग्रीक, अर्थ भटकणारा. 'ओडिसी'च्या आरंभी ओडिसिअसच्या भटकंतीसाठी जे क्रियापद येते ते याच कुळातले. मराठीने त्याला 'प्लवक' केले. राजवाड्यांनी ज्या गावात देह ठेवला त्या धुळ्यात राहून शब्दाचा धातू न पाहता पुढे जाणे बरे नव्हे. 'प्लु' म्हणजे तरंगणे, पोहणे, उडी मारणे; 'प्लव' म्हणजे तराफा; आणि 'प्लवंग' म्हणजे बेडूक किंवा माकड. भाषांतरात भटकंती गळाली आणि उडी आली. हा तोटा नव्हे असे आमचे मत आहे, आणि त्याचे कारण खाली येईलच.

जेलीफिश, टिनोफोर, साल्प, सायफोनोफोर ही जिलेटिनी प्लवकांची मंडळी एकमेकांची नातेवाईक असतातच असे नाही. साल्प तर जेलीफिशपेक्षा आपल्याला, म्हणजे पाठीचा कणा असलेल्यांना, अधिक जवळचा. त्यांना एकत्र मोजले जाते ते शरीरयष्टीमुळे : नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी, हाड नाही, कवच नाही, आणि प्रवाहाच्या विरुद्ध जाण्याचे बळ नाही. मग कोणता समूह कुठे जमणार, हे पुष्कळसे पाणी ठरवते. अरबी समुद्रात तर हे पाणी वर्षातून दोनदा मत बदलते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. हिवाळ्यात तोच उत्तरेकडे वळतो आणि बंगालच्या उपसागरातले कमी खारट पाणी वर घेऊन येतो. पलीकडे सोमालियाच्या किनाऱ्यावरचा प्रवाहही असाच उलटतो. जून-जुलैत जे पाणी एखाद्या छत्रिकाला कोकणाकडून केरळाच्या बाजूला नेईल, तेच जानेवारीत उलट दिशेने ओढील. उगम कुठला आणि मुख कुठले? नदीची ही दोन्ही नामे येथे निकामी होतात.

शिवाय प्रवाह नुसता वाहून नेत नाही, तो गोळाही करतो. 1927 साली अटलांटिक ओलांडताना आयर्विंग लॅंगम्यूर या रसायनशास्त्रज्ञाला समुद्रावर तरंगणारे शेवाळ लांबच लांब समांतर ओळींत जमलेले दिसले. वाऱ्यामुळे पृष्ठभागाखाली पाण्याचे शेजारीशेजारी लोळ उलटसुलट फिरतात आणि जेथे दोन लोळांचे पाणी एकत्र येऊन खाली जाते तेथे तरंगणारे सारे अडकून राहते, असे त्याने 1938 मध्ये मांडले. जेलीफिशचे थवेही अशा ओळींत सापडतात. या ओळींत भक्ष्य आणि भक्षक यांना शेजार मिळतो तो कुणाच्याही इच्छेवाचून. मोठे भोवरे तर आठवडेच्या आठवडे एकच समूह आत धरून ठेवतात. काठावरून पाहणाऱ्याला वाटावे की हे एका विचाराचे लोक असावेत!

आता त्या उडीकडे येऊ. आडवे पोहण्याचे बळ नसलेल्या या जीवांपैकी पुष्कळांना उभे पोहता येते. रात्री वर यायचे, दिवसा खोल जायचे. आणि समुद्रात खोलीगणिक प्रवाह वेगळा असतो. वरचे पाणी एका दिशेला, खालचे दुसऱ्या. म्हणजे नुसती पातळी बदलून प्राणी वाहून जाण्याची दिशा बदलतो, किंवा दोन्हींचा मेळ साधून जवळपास तेथल्या तेथे राहतो. फिजेलियाला तेही करता येत नाही, त्याचा फुगा कायम पाण्यावर. पण त्याच्या शिडाला कल असतो : काहींचा डावीकडे, काहींचा उजवीकडे. एकाच वाऱ्यात डाव्या शिडाचे एका बाजूला झुकतात, उजव्या शिडाचे दुसऱ्या. एक वादळ साऱ्यांनाच किनाऱ्यावर फेकत नाही ते यामुळे.

याहून आम्हाला थबकवणारी गोष्ट 2025 सालची. साऱ्या महासागरांत वाऱ्यावर फिरणारा हा जीव म्हणजे जगभर एकच जात, असे बहुतेक अभ्यासक दीर्घकाळ मानत होते. कुंपण नसलेल्या पाण्यात वेगळेपण टिकणार कसे? त्या वर्षी जगभरातून जमवलेल्या दीडशेच्या आसपास नमुन्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला आणि किमान चार जाती निघाल्या. त्यांच्या आत पुन्हा प्रदेशागणिक उपसमूह, आणि त्यांची आखणी वारे आणि प्रवाह यांच्याशी जुळणारी. त्यांतल्या काही जातींना दोन शतकांपूर्वीच्या निसर्गअभ्यासकांनी नावे दिलेली होती. पुढच्यांनी ती एकाच नावात विरघळवून टाकली. जुनी नावे आता परत आली आहेत. 'मुख्य प्रवाह' हा शब्द फळ्यावर लिहिताना आमचा हात हल्ली अडखळतो तो याच आठवणीने.

बहिणाबाईंचेच पाहा. आसोद्यात जन्मलेल्या या बाईंची गाणी 1952 साली, त्या गेल्यानंतर, पुस्तकरूपाने आली. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. वर्गात मात्र त्या कधी लोकसाहित्याच्या ओळीत बसवल्या जातात, कधी ग्रामीण प्रवाहाच्या उगमाशी, कधी स्त्रीकवितेच्या. प्रत्येक ओळ खरी आहे, पण ती वाऱ्याने जमवलेली ओळ आहे. जी बाई शेतातल्या कामाच्या वर्णनातून एका कडव्यात जन्ममरणाच्या विचाराशी उतरते आणि पुढच्या कडव्यात पुन्हा वर येते, तिच्या उभ्या हालचालीला आमच्या प्रश्नपत्रिकेत रकाना नाही. सांगवीचे नेमाडे 1963 च्या 'कोसला'मुळे साठोत्तरी झाले आणि पुढे देशीवादी. विद्यार्थी दोन वेगळ्या प्रकरणांत त्यांना दोनदा पाठ करतात. हा केवळ वर्गीकरणाचा वाद असता तर आम्ही तो सेमिनारवर सोडून दिला असता. पण कुणाला कोणत्या ओळीत उभे केले यावर त्याचे काय वाचले जाईल हे ठरते. ग्रामीण म्हणून शिकवलेल्या कवितेतला तत्त्वविचार कुणी शोधायला जात नाही.

एक गोष्ट नोंदवल्यावाचून पुढे जाववत नाही. बऱ्याच छत्रिकांच्या आयुष्याचा एक भाग तळाशी, खडकाला चिकटून, पॉलिपच्या रूपात जातो. वरचा थवा हंगामात येतो आणि विरतो. खालचा पॉलिप राहतो आणि ऋतू पाहून पुन्हा छत्र्या सोडतो. मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर, ज्यांचे नाव आज पुण्यातल्या संशोधनसंस्थेला आहे, त्यांना 1911 च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या नद्यांत गोड्या पाण्यातले छत्रिक सापडले. तोवर या कुळातले छत्रिक आफ्रिकेतलेच मानले जाई. सह्याद्रीच्या नद्यांत पावसाळ्यात पाण्याचा जो लोंढा येतो त्यात असा दुबळा जीव टिकणार नाही, म्हणून त्याचे दिवस उन्हाळ्याचे, नदी डोहाडोहांत उरते तेव्हाचे. धुळ्याची पांझराही वैशाखात अशीच डोहांत उरते. पूल ओलांडताना आमच्यातला एक जण आता वाकून पाहतो.

गेल्या सत्रात हे सारे आम्ही दोन्हीकडच्या वर्गांत सांगितले आणि 'अमुक कवी कोणत्या प्रवाहातील?' हा प्रश्न अंतर्गत परीक्षेतून काढून टाकला. त्याऐवजी एका कवितेत कवी कितव्या ओळीत पातळी बदलतो ते दाखवा, असे विचारले. उत्तरे लांबली, तपासायला वेळ लागला. वर्गात मात्र चर्चा कवितेवर थांबली नाही. खानदेशातली किती घरे तापीच्याच दिशेने सुरतेला, लिंबायत-उधन्याच्या वस्त्यांत गेली, हे मुलांना सांगावे लागत नाही. त्यांची निम्मी नाती तिकडे आहेत. मागच्या बाकावरची अमळनेरकडची एक मुलगी म्हणाली, "सर, माझे काका आणि पप्पा एकाच दुष्काळात घराबाहेर पडले. काका लूमवर गेले, पप्पा नाशिकला. आम्ही म्हणतो काकांनी घर सोडलं. पण आजी दोघांचं नाव घेऊन सांगते, वारा एकच होता."

मग तिने विचारले की फिजेलियाच्या शिडाचा कल जन्मतः ठरलेला असतो का. आम्ही तिला वाचनालयातून लेख काढून दिला आहे.