पीळ

मराठीत याला पिळाचा लंबक म्हणावं, पण जर्नलमध्ये सगळेच टॉर्शनल पेंडुलम लिहितात. वरच्या चिमट्यात तार, खाली किलोभर वजनाची पितळी चकती, तिच्या कडेवर खडूची रेघ, समोर टाचणी. चकती थोडी पिळून सोडायची आणि रेघ टाचणीसमोरून गेली की मोजायचं. खामगावात बी.एस्सी.च्या पोरांकडून मी हा प्रयोग बरीच वर्षं करून घेतोय. चकती फिरते म्हणून सगळ्यांचं लक्ष चकतीकडे. प्रयोग असतो तारेचा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझंही तेच झालं होतं. तांब्याची तार हवी होती. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडून मीटरभर आणली. वेळ चोख मोजली. तांब्याचा दृढता गुणांक, म्हणजे धातू पिळाला किती विरोध करतो तो आकडा, साधारण साडेचार यायला हवा (पुढे दहाचा दहावा घात), माझा आला तीन पूर्णांक दोन. दोन दिवस स्टॉपवॉचला शिव्या घातल्या. मग नखाने तार खरवडली, तेव्हा उजेड पडला. वाइंडिंगच्या तारेवर इनॅमलचा थर असतो. स्क्रू गेजने मी तो थर धरून 0.61 मिलिमीटर मोजले होते. आतलं तांबं 0.56 होतं. गणितात त्रिज्येचा चौथा घात येतो, त्यामुळे केसाएवढ्या थराने उत्तराचा पाऊण हिस्साही शिल्लक ठेवला नाही.

हा चौथा घात कूलाँने 1784 मध्ये तारा पिळूनच शोधला. लांबीचं तसं नाही. तार चौपट लांब केली तर आवर्तनकाल दुप्पट, इतकंच. पण पोलादी तार 22 गेजऐवजी 24 गेजची लावा, डोळ्याला फरक कळणार नाही, आणि जिथे वीस आंदोलनांना दोन मिनिटं पुरत होती तिथे तीन ओलांडतात. म्हणून मी आधी तारच मोजायला लावतो: पाच-सहा ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवी-उभी.

साध्या लंबकाची सवय झालेली पोरं हमखास विचारतात, "सर, जास्त पीळ देल्ला तं टाइम जास्त लागन ना?" मोजून पाहा म्हणतो. तीस अंश, मग नव्वद, वेळ तोच. गुरुत्वाकर्षणाचाही इथे संबंध नाही, लोणारच्या विवरात उतरून मोजलं तरी तेच. तांब्याची मऊ तार मात्र फार पिळली की रेघ मूळ जागी येतच नाही. सुंभ जळतो, पीळ राहतो. इथे तर काही जळावंही लागत नाही.

चौथा घात नीट पडताळायचा तर धातू एकच हवा आणि जाडी वेगवेगळी. बाजारातल्या दोन गेजच्या तारा एकाच धातूच्या असतील याची खात्री काय? खामगाव चांदीचं गाव. एका कारागिराकडे गेलो. त्याने एकाच चांदीची तार जंतराच्या एकेका लहान भोकातून ओढत तीन जाड्यांची करून दिली. ओढता ओढता तार कडक होते, म्हणून त्याने विचारलं, "तापवून देऊ का?" नको म्हटलं. दागिन्याला मऊ तार लागते, मला पीळ धरून न ठेवणारी. आवर्तनकाल गुणिले जाडीचा वर्ग, तिन्ही तारांना आकडा जवळजवळ एकच आला. त्या दिवशी मी उगाच दोनदा चहा प्यायलो.

मार्चमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा. चकती डगमगू नये म्हणून पंखे बंद, चाळिशीकडे झुकलेला पारा, पोरांच्या घामाने स्टॉपवॉच निसटतात. नागपूरला जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ रामनाथ कौसिक आणि टीआयएफआरचे त्यांचे सहकारी चार मूलभूत बलांपलीकडच्या पाचव्या बलाच्या शोधात असाच पिळाचा लंबक घेऊन, बाहेरचा व्यत्यय नको म्हणून, गौरीबिदनूरला जमिनीखाली गेले होते. आम्ही लोडशेडिंगची वाट पाहतो.

चांदीच्या त्या तारा पदरच्या पैशाने घेतल्या, डेड स्टॉकमध्ये नोंद नाही. गुंडाळल्या की बाक येतो, म्हणून काचेच्या लांब नळीत सरळ ठेवल्यात. नळीवर चिठ्ठी आहे: हात लावू नये, आधी मोजावे.