मामाचे गाणे

खोलीतला दिवा जळता ठेवून कोणी बाहेर पडले, की मला ते झोपेतही कळते. चाळीस वर्षे हिशेबाच्या वह्यांवर मान मोडल्यावर माणसाला जे सहावे इंद्रिय फुटते, ते हेच. घरातली मंडळी मला तोंडावर 'काटकसरी' म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणून गेल्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीला आलेल्या नातीने "आजोबा, तुमच्यावर एक सिनेमा आहे, बघता का?" असे विचारले, तेव्हा घरात जी खसखस पिकली तिचा अर्थ मला विचारावा लागला नाही.

सिनेमा होता चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'वरचा. गोष्ट बहुतेकांच्या परिचयाची आहे. लंडनचा स्क्रूज नावाचा एक महाचिक्कू सावकार. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्या मेलेल्या भागीदाराचे भूत येते आणि मग गेलेल्या, चालू आणि येणाऱ्या नाताळची तीन भुते त्याला स्वतःच्या आयुष्यातून फिरवून आणतात. सकाळी उठतो तो निराळाच माणूस. 19 डिसेंबर 1843 रोजी हे पुस्तक निघाले आणि त्याच्या सहा हजार प्रती नाताळच्या आत संपल्या. माझ्यासारख्या माणसाला हा आकडा आधी लक्षात राहतो!

"पण आजोबा, यात गाणी आहेत हं," नातीने बजावले. मी नाक मुरडले. भुताने गाणे म्हणावे हे मला पटेना. मग मीच मनात खजील झालो. 'कॅरल' म्हणजे तरी काय? नाताळचे गाणे! डिकन्सने आपल्या प्रकरणांना 'प्रकरण' म्हटलेच नाही. पदाच्या कडव्याला जो शब्द आहे तो त्याने वापरला आणि पाच कडव्यांत गोष्ट संपवली. म्हणजे सिनेमावाल्यांनी गाणी बाहेरून आणून चिकटवली, अशी तक्रार करायला जागा नाही.

पहिला सिनेमा 1970 सालचा. नाव नुसते 'स्क्रूज'. अल्बर्ट फिनी हा नट आणि लेस्ली ब्रिकस हा गीतकार-संगीतकार. सुरू होऊन दहा मिनिटे झाली नाहीत तोच नातीने अडवले, "आजोबा, तो जेवायला बोलवायला आलेला मुलगा स्क्रूजला अंकल म्हणतोय. म्हणजे काका की मामा?"

इंग्रजीला या प्रश्नाची अडचणच नाही. मराठीला मात्र निर्णय द्यावा लागतो. मी म्हणालो, "मामा. स्क्रूजच्या बहिणीचा मुलगा तो."

हे उत्तर देताना माझा आवाज किंचित बदलला असावा.

मूळ पुस्तकात ही बहीण एकदाच दिसते. सुट्टीला सगळी मुले घरी गेली आहेत, स्क्रूज एकटा शाळेत उरला आहे, आणि चिमुरडी फॅन त्याला घरी न्यायला धावत येते. पुढे ती मोठी होते, एक मुलगा मागे ठेवून मरते. तोच हा भाचा. दर नाताळला मामाला जेवायला बोलावतो आणि दर नाताळला मामा त्याला हाकलून लावतो. डिकन्सच्या स्वतःच्या थोरल्या बहिणीचे नाव फॅनी. 1824 साली बाप कर्जापायी तुरुंगात पडला, बारा वर्षांचा चार्ल्स बुटाच्या काळ्या रंगाच्या कारखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवीत होता, तेव्हा ही बहीण लंडनच्या रॉयल अकॅडमीत संगीत शिकत होती. गाणे आणि बहीण या दोन गोष्टी त्याच्या मनात कुठे शेजारी शेजारी राहत असतील काय, असे मला उगाच वाटून गेले.

त्या 1970 च्या सिनेमात एक विलक्षण प्रसंग आहे. भविष्याचे भूत स्क्रूजला रस्त्यावर आणते. सगळे लोक आनंदाने 'तुमचे फार फार आभार' अशा अर्थाचे गाणे गात नाचत आहेत. स्क्रूजला वाटते, आपण कधी नव्हे ते काही चांगले केले असावे. तोही त्यांच्यात मिसळून नाचू लागतो. अन् त्याला दिसत नाही ते आपल्याला दिसते : लोक नाचताहेत ते त्याच्या शवपेटीभोवती! त्याने मरून त्यांची कर्जे मिटवली, त्याबद्दलचे ते आभार. पुढे जागा झालेला स्क्रूज कर्जे माफ करतो, तेव्हा तेच लोक तीच चाल पुन्हा गातात. या वेळी आभार खरे असतात.

नात खदखदून हसत होती. मला हसू येईना.

दुसरा सिनेमा 1992 सालचा, बाहुल्यांचा. मपेट नावाच्या त्या बाहुल्यांतला बेडूक कारकून झाला आहे आणि मायकेल केनसारखा कसलेला नट त्या सगळ्या कापडी मंडळींत अगदी गंभीर चेहऱ्याने स्क्रूज वठवतो. यात स्क्रूजला सोडून जाणाऱ्या प्रेयसीचे एक विरहाचे गाणे आहे. चित्रपटगृहात दाखवलेल्या प्रतीतून ते गाळले होते. लहान मुले कंटाळतील ही भीती. गंमत अशी, की शेवटी सगळे मिळून जे सुखाचे गाणे गातात ते त्याच चालीवर बांधलेले आहे. पहिले कापले, की दुसऱ्याची ओळख पटत नाही. तीस वर्षांनी, 2022 च्या डिसेंबरात, ते गाणे जागेवर घातलेली आवृत्ती पुन्हा पाहायला मिळाली. दुःखाचे कडवे कापून सुखाचे तेवढे ठेवता येत नाही, हे शहाणपण मी एका बेडकाकडून शिकलो.

तिसरा 'स्पिरिटेड', 2022 चाच. यात भुतांनी चक्क कचेरी थाटली आहे आणि ती दर वर्षी एका माणसाला सुधारायला घेतात. यंदाचा माणूस सावकार नाही; लोकांत भांडणे लावून पैसे कमावणारा हसतमुख, देखणा गृहस्थ आहे. मी निश्चिंत झालो. याचे-आपले काही जुळत नाही. तेवढ्यात गेलेल्या काळाचा पडदा उघडला. मरणाला टेकलेली बहीण त्याला विनवते आहे, माझ्या मुलीला तू सांभाळ. तो नाही म्हणतो.

पुन्हा मामा! एकशे ऐंशी वर्षे झाली, घोडागाडी जाऊन मोबाइल आला, पण मामा काही सुटत नाही.

आता सांगतोच. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा तिचा मुलगा नववीत होता. जाण्यापूर्वी महिनाभर तिने मला बोलावून एवढेच म्हटले होते, "दादा, याच्या शिक्षणाचं बघशील ना?" मी तेव्हा फ्लॅटच्या हप्त्यांचा हिशेब तिला सांगितला. खरा हिशेब होता. एक रुपया इकडचा तिकडे नव्हता. ती "बरं" म्हणाली. मुलगा त्याच्या काकांकडे वाढला, त्यांनीच त्याला शिकवले. पुढे त्याचे लग्न झाले. रिवाजाप्रमाणे मामा म्हणून मी मंगलाष्टकांच्या वेळी त्याच्या पाठीशी उभा राहिलो. नंतर जेवणाच्या पंगतीत तो सर्वांदेखत म्हणाला, "मामांचे फार उपकार आहेत माझ्यावर." मंडळींनी माना डोलावल्या. आणि मी डोक्यावर फेटा घेऊन हसत उभा राहिलो! मीही नाचलोच म्हणायचा, माझ्याच पेटीभोवती.

त्यानंतर दर दिवाळीला त्याचा फोन येई. "मामा, पाडव्याला या." मी म्हणे, "पाहू."

या जानेवारीत मी न बोलावता त्याच्या घरी गेलो. रिक्षाने गेलो, हेही नमूद करतो. चहा झाल्यावर म्हटले, "तुझ्या लग्नात तू माझे आभार मानलेस, ते परत घे. मी तुझ्यासाठी काही केलेलं नाही. तुझ्या आईनं मागितलं होतं, मी नाही म्हणालो."

तो थोडा वेळ कपाशी चाळा करीत बसला. मग म्हणाला, "ठाऊक आहे मला. आईनं सांगितलं होतं. दादावर रागावू नकोस, असंही म्हणाली होती."

"मग ते उपकार कसले?"

"पाठीशी कुणीतरी उभं राहायला हवं होतं ना, मामा."

मला काही बोलता आले नाही. त्याची सात वर्षांची मुलगी आतल्या खोलीतून आली आणि माझ्याकडे टकमक पाहू लागली. यंदा जूनमध्ये तिच्या शाळेची फी मी भरली. भाचा नको म्हणत होता. त्याला फ्लॅटच्या हप्त्यांचा हिशेब सांगून गप्प केले, की ते केव्हाच फिटले आहेत. हा काही मोठा त्याग नव्हे, आणि जिच्यासाठी करायचा होता ती तो पाहायला नाही. आमच्या गाण्याचे पहिले कडवे कापता येत नाही, ते तसेच राहणार.

पाडव्याचे बोलावणे यंदाही आले आहे. मी "पाहू" म्हटलेले नाही. नातही बरोबर येते म्हणते. निघताना दिवे मालवायची आठवण मात्र मलाच करावी लागेल.